खुर्च्यांमागची चटई

नियमित योगसाधनेने शरीर निरोगी होते, मन शांत होते आणि माणसाच्या आयुष्यात आमूलाग्र बदल घडून येतो. हे वाक्य डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्यालगतच्या एका ट्रस्टच्या हॉलमध्ये समोरच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं होतं. दर पावसाळ्यात गच्चीतून ओल उतरायची आणि नेमके 'मन शांत होते' एवढ्या भागाचे पोपडे निघायचे. दिवाळीच्या आधी ट्रस्ट तेवढाच भाग पुन्हा रंगवून घ्यायचा. त्यामुळे मनाची शांतता बाकीच्या वाक्यापेक्षा जरा जास्तच गडद दिसायची.

सुधीर फणसळकरांना ते वाक्य पाठ होतं, कारण गेले नऊ-दहा महिने रोज सकाळी झोप लागण्यापूर्वी त्यांना दिसणारी ती शेवटची गोष्ट होती.

सुधीरराव सत्तावन्न वर्षांचे. कल्याणच्या एका सरकारी महामंडळात ते आस्थापना विभागात होते, आणि आस्थापना विभागात ते मस्टर होते. कोण किती वाजता आला, किती वाजता गेला, कोणाचे तीन लेट मार्क झाले म्हणून अर्धी रजा कापायची, हे तेहतीस वर्षं त्यांनी पाहिलं. मध्ये बोटाचं मशीन आलं. ते आठवड्यातून दोन दिवस बंद असायचं आणि उरलेले दिवस कोणाचं बोट ओळखायचं नाही. मस्टर टिकलं. तेहतीस वर्षांत सुधीररावांनी एकदाही खोटी वेळ लिहिली नव्हती, स्वतःचीसुद्धा. याबद्दल कोणी त्यांचं कौतुक केलं नाही. उलट दोघांनी बोलणं टाकलं होतं.

झोपेची भानगड गेल्या वर्षी जूनमध्ये सुरू झाली. त्यांचा मुलगा साकेत, सून क्षिप्रा आणि दीड वर्षांची नात सान्वी भाड्याची जागा सोडून त्यांच्याकडे राहायला आली. तात्पुरती. मोहन्याच्या पुढे एका टॉवरमध्ये साकेतने फ्लॅट घेतला होता आणि त्याचं पझेशन दसऱ्याला मिळणार होतं. कुठल्या दसऱ्याला, ते बिल्डरने सांगितलं नव्हतं.

सुधीररावांचं घर वन बीएचके. बेडरूममध्ये त्यांची बायको मंदाकिनी, क्षिप्रा आणि सान्वी. बाहेरच्या खोलीत दिवाणावर सुधीरराव आणि जेवणाच्या टेबलावर साकेत. साकेतची कंपनी अमेरिकेतली, म्हणजे माणसं तिकडे आणि काम इकडे. रात्री साडेआठला तो लॅपटॉप उघडायचा, पहाटे पाचला मिटायचा. स्वयंपाकघरात झोपायचा प्रयत्न सुधीररावांनी एकदा करून पाहिला. पाय लांब केले की डोकं फ्रीजखाली जात होतं.

साकेत गुणी मुलगा. बाबांची झोपमोड नको म्हणून तो दबक्या आवाजात बोलायचा, आणि तिथेच सगळं बिघडलं. मोठ्याने बोलणाऱ्या माणसाची कानाला सवय होते. कुजबुजणाऱ्या माणसाचं काय चाललंय ते कानाला ऐकावंच लागतं. दोन महिन्यांत सुधीररावांना डॅलसचं सगळं ऑफिस ओळखीचं झालं. ब्रायन माणूस चांगला, पण निर्णय घेत नाही. सर्व्हर गुरुवारी पडतो. लिंडाच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं. एका सकाळी चहा पिताना 'लिंडाची आई चालायला लागली का रे' हे वाक्य त्यांच्या अगदी ओठांपर्यंत आलं होतं. ते त्यांनी चहाबरोबर गिळलं.

सांगणं शक्य नव्हतं. पहिल्याच आठवड्यात साकेतने विचारलं होतं, "बाबा, तुला रात्री माझा त्रास नाही ना होत? होत असेल तर स्पष्ट सांग. आम्ही कुठेतरी भाड्याने बघतो परत."

सुधीररावांनी बायकोकडे पाहिलं. मंदाकिनीच्या मांडीवर सान्वी होती आणि मंदाकिनी तिला वरणभात भरवत होती. तिचा घास हातातच राहिला होता.

"छे रे," सुधीरराव म्हणाले. "मी काय, पडलो की झोपलो."

त्यानंतर ते पडत राहिले.

ऑगस्टमध्ये ऑफिसात जिना चढताना त्यांना गरगरलं. त्यांचे जुने डॉक्टर आता बसत नव्हते, त्यांची मुलगी डॉक्टर रसिका दवाखाना चालवत होती. तिने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला.

"एकशे साठ, शंभर. काका, टेन्शन कसलं घेताय?"

"कसलंच नाही."

"झोप?"

मंदाकिनी शेजारी बसली होती. "झोपेचं विचारू नकोस," ती म्हणाली. "हे पडले की झोपतात. भाग्यवान आहेत."

"मग गोळी सुरू करूया. एकदा सुरू केली की कायमची, हं."

गोळी म्हटल्यावर सुधीररावांच्या डोळ्यांपुढे त्यांचे वडील आले. प्लॅस्टिकच्या डबीत सोमवार ते रविवार सात खण, आणि रोज सकाळी 'आज वार कुठला' ही चर्चा. "गोळीशिवाय काही नाही का?"

"आहे ना. मीठ कमी करा, चाला, योगा करा. पण नियमित. तीन महिने देते तुम्हाला, मग बघू."

अशा रीतीने सुधीररावांनी योगमार्गात पदार्पण केलं. मंदाकिनीनेच त्यांचं नाव घातलं. वर्ग सकाळी पावणेसहा ते पावणेसात.

वर्ग घ्यायच्या विमलाबाई खांबेटे. वय चौऱ्याहत्तर, शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त, गळ्यात अजून शिट्टी. त्या आकडे मोजायच्या ते मैदानावर मोजल्यासारखे. पहिल्या दिवशी सुधीररावांनी सगळं केलं. हात वर गेले तितके वर नेले, खाली आले तितके खाली. पायाच्या अंगठ्याला हात लावायचा म्हणाल्यावर त्यांनी गुडघ्याला लावला आणि अंगठ्याकडे पाहिलं. शेवटी बाई म्हणाल्या, "शवासन. पाठीवर पडा. डोळे मिटा. पायाची बोटं सैल सोडा."

बोटं सैल सोडल्याचं सुधीररावांना आठवत होतं. घोटे सोडल्याचं आठवत नव्हतं.

जाग आली तेव्हा हॉल रिकामा होता. खिडकीतून ऊन त्यांच्या पोटावर आलं होतं. दाराशी खुर्ची टाकून विमलाबाई थर्मासमधला चहा पीत पेपर वाचत होत्या. घड्याळात पावणेआठ.

"बाई, सॉरी. मला डोळा लागला."

"ऐकू आलं," विमलाबाई पेपरमधून वर न बघता म्हणाल्या. "फणसळकर, शवासनात झोपायचं नसतं. जागं राहून सैल व्हायचं असतं. हे मी सगळ्यांना पहिल्या दिवशी सांगते."

"हो. उद्यापासून लक्षात ठेवतो."

"दुसऱ्या दिवशी नाही सांगत. किती दिवस झोपला नाहीत?"

सुधीररावांनी हिशेब केला. "अडीच महिने."

बाईंनी पान उलटलं. "आठला बालवाडीची पोरं येतात, तोवर किल्ली माझ्याकडे असते. घरी जाऊन तरी मी काय करणार आहे? सून पोळ्या करायला घेते, माझी लुडबुड होते. कोपऱ्यात पडत जा. मधे पडलात तर कोणी अडखळेल."

असा तो करार झाला. सुधीरराव पावणेसहाला यायचे, आसनं करायचे, शवासनात जायचे आणि पावणेआठला परत यायचे. त्यांना स्वप्नंसुद्धा पडायला लागली. त्यात डॅलसचं कोणी नसायचं.

डिसेंबरात डॉक्टर रसिकाने पट्टा फुगवला आणि भुवया उंचावल्या. "एकशे चौतीस, चौऱ्याऐंशी! काका, काय केलंत?"

"योग."

"बघा! मी सांगत होते."

आणि खोटं काहीच नव्हतं. सुधीरराव आता पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचत होते. नखं स्वतः कापत होते, जे काम दोन वर्षं मंदाकिनी चिडचिड करत करायची. ऑफिसात कोणी लेट मार्कवरून हुज्जत घातली तर त्यांचं डोकं फिरत नव्हतं. एकदा तर ते साहेबांच्या विनोदाला हसले, आणि साहेबच दचकले. आता यातलं आसनांनी किती झालं आणि झोपेने किती, हे वेगळं काढायचं कसं? सुधीररावांनी तो प्रश्न फार ताणला नाही. माणूस ताणायला शिकला म्हणून सगळंच ताणावं असं नाही.

बरं चाललेलं होतं. ते बिघडवलं सुधीररावांच्या स्वतःच्या हाताने.

ट्रस्ट हॉल फुकट द्यायचा, तेव्हा वर्गाला माणसं येतात याचं काहीतरी रेकॉर्ड हवं होतं. विमलाबाई भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिकल्या मारायच्या. सतरा माणसं, सतरा टिकल्या, आणि एखाद्या दिवशी कामवाली आली नाही की त्याचीही टिकली तिथेच. ते सुधीररावांना बघवेना. ऑगस्ट संपायच्या आतच त्यांनी एक लांब वही आणली आणि पट्टी घेऊन रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही.

गेल्याची वेळ कोणीही मागितली नव्हती. हात चालत होता, रकाना पडला. आणि रकाना पडल्यावर सुधीरराव तो मोकळा सोडू शकत नव्हते, की त्यात खोटं लिहू शकत नव्हते. बाकीच्यांच्या नावापुढे पावणेसात. सुधीर फणसळकर: ५.४०, ७.५०.

मे महिन्यात ट्रस्टचे सचिव पोपटराव शेलार यांनी ती वही पहिल्यांदा उघडली. पोपटराव मूळचे साताऱ्याकडचे, माणूस उत्साही. निवृत्त झाल्यापासून त्यांना उत्साह कुठे ठेवावा कळत नव्हतं, म्हणून त्यांनी तो ट्रस्टमध्ये ठेवला होता. पुढच्या महिन्यात ठाण्याला जिल्ह्यातल्या योगवर्गांचा मेळावा होता आणि प्रत्येक वर्गातून एक आदर्श साधक पाठवायचा होता.

"साहेब!" पोपटरावांनी सुधीररावांना जिन्यातच गाठलं. "दोनशे एक्क्याऐंशी दिवस! एक खाडा नाही! दिवाळीतसुद्धा!"

"दिवाळीत घरी जास्त गर्दी होती," सुधीरराव म्हणाले.

"आणि रोज दोन तास दहा मिनिटं! बाकीची मंडळी एका तासात पळतात चहाला. मी बेरीज केली साहेब, सहाशे आठ तास. सहाशे आठ! एवढं तर त्या हिमालयात बसलेल्यांचं भरत नसेल."

"शेलार, त्यातले सगळेच तास काही..."

"का? वहीत चूक आहे?"

वहीत चूक आहे असं म्हणणं सुधीररावांना जमणारं नव्हतं. वहीत चूक नव्हती.

त्यांनी वर, हॉलच्या दारातल्या विमलाबाईंकडे पाहिलं. बाई थर्मासचं झाकण फिरवत होत्या. "मला कोणी विचारलं तर मी सांगेन," त्या म्हणाल्या. "पण आजवर मला कोणी काही विचारलेलं नाही."

मेळावा टेंभी नाक्याजवळच्या एका सभागृहात होता. सुधीररावांनी ठरवलं, दोन वाक्यांत खरं सांगून मोकळं व्हायचं. मी कोपऱ्यात झोपतो, वहीतल्या वेळा खऱ्या आहेत पण साधना तेवढी नाही, क्षमस्व. पोपटरावांनी लिहून दिलेलं भाषण खिशात होतं. त्याला शीर्षकही होतं, 'नियमित योगसाधनेचे शारीरिक व मानसिक लाभ', आणि खाली पेनाने दोन रेघा.

नाव पुकारलं गेलं. सुधीरराव माइकसमोर उभे राहिले आणि त्यांना तिसऱ्या रांगेत मंदाकिनी दिसली. शेजारी क्षिप्रा, तिच्या मांडीवर सान्वी, आणि सान्वीच्या पलीकडे रात्रभर काम करून तसाच आलेला साकेत. डोळे लाल, दाढी वाढलेली, फोन व्हिडिओसाठी वर धरलेला.

'मी तिथे झोपतो' म्हटलं की पुढचा प्रश्न समोरच बसला होता. घरी का नाही झोपत?

सुधीररावांनी खिशातून कागद काढला आणि वाचला. रक्ताभिसरण सुधारते. पचन सुधारते. सांध्यांची लवचीकता वाढते. चित्त एकाग्र होते. कागद संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एक बाई उठल्या. "सर, निद्रानाशावर उपयोग होतो का हो?"

हे कागदावर नव्हतं. सुधीररावांनी कागद उलटा करून पाहिला.

"मला झाला," ते म्हणाले.

बराच वेळ टाळ्या चालल्या. शाल, श्रीफळ आणि फ्रेम मिळाली. साकेतने व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, पोपटरावांनी तो आणखी अकरा ग्रुपवर टाकला.

सोमवारी वर्गाला सतराऐवजी अठ्ठावन्न माणसं होती. चटईला चटई लागली. गुरुवारपर्यंत हॉलबाहेर चपलांवरून भांडण झालं, तेव्हा पोपटरावांनी सात ते आठ अशी दुसरी बॅच जाहीर केली. पहिल्या बॅचला वेळेत बाहेर काढायचं म्हणून शवासन दहा मिनिटांवरून दोन मिनिटांवर आलं. आणि लोकांना प्रेरणा मिळावी म्हणून आदर्श साधकाची चटई समोर, स्टेजवर हलवण्यात आली. वाक्याच्या बरोबर खाली.

अठ्ठावन्न माणसांकडे तोंड करून, एकशे सोळा डोळ्यांसमोर, सुधीरराव दोन मिनिटं मेल्यासारखे पडायचे. झोप यायची शक्यताच नव्हती. पुढच्या रांगेतून कुजबुज यायची. "बघ, बघ, श्वाससुद्धा हलत नाहीये." आणि कुजबुज म्हटली की त्यांचा कान उभा राहायचा.

दोन आठवड्यांत डोळ्यांखाली पुन्हा काळं आलं. लिंडाची आई आता काठीशिवाय चालत होती.

"शेलार, मला मागे बसू द्या," सुधीरराव एका सकाळी म्हणाले. "पूर्वीच्या कोपऱ्यात."

"काय बोलता साहेब! लोक तुमच्याकडे बघून येतात."

"मी दमतो हो."

"तुम्ही?" पोपटराव मोठ्याने हसले. "सहाशे तासवाले तुम्ही! अशीच विनम्र पाहिजेत माणसं. मी ट्रस्टच्या पत्रिकेच्या पुढच्या अंकात टाकतो हे."

शेवटी त्यांनी विमलाबाईंना गाठलं. हॉलच्या मागच्या भिंतीला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या उंच थप्प्या होत्या, आणि थप्प्या व भिंत यांच्यामधे गेल्या गणपतीच्या मखराची प्लायवूडची कमान टेकवलेली होती. तिच्यामागे जेमतेम एक चटई मावत होती.

"तिथे?" विमलाबाई म्हणाल्या. "दुसरी बॅच चालू असते तेव्हा. मी आकडे मोजत असते. माझ्या आवाजात झोप लागेल?"

"बाई, तुम्ही मोठ्याने मोजता. छान लागेल."

बाईंनी त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. तेहतीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला चेहरा बघून बरंच कळतं, आणि त्यातलं न बोलण्यासारखं काय तेही कळतं. "येत्या सोमवारपासून. ती कमान मी जरा पुढे सरकवून ठेवते. एकच माणूस मावेल, हं. आणि वहीत काय लिहायचं ते तुमचं तुम्ही बघा."

सुधीररावांनी रविवार आनंदात काढला. सान्वी अंगावर नाचली तरी त्यांनी नाचू दिलं. रात्री सर्व्हर पडला, वार गुरुवार नसतानाही, आणि साकेत पहाटेपर्यंत कुजबुजत होता. सुधीरराव छताकडे बघत पडले आणि कमानीमागच्या चटईचा विचार करत राहिले. लग्न ठरल्यावरही त्यांनी इतका उत्सुकतेने सोमवारचा विचार केला नव्हता.

सोमवारी पावणेसातला ते स्टेजवरून उतरले, आणि खाली नमस्कार करणाऱ्यांनी त्यांना बराच वेळ अडवून धरलं. पहिली बॅच बाहेर पडत होती, दुसरी आत येत होती. त्या रेटारेटीत कोणाचं लक्ष नाही असं बघून ते खुर्च्यांमागे गेले आणि वाकून कमानीच्या आत पाहिलं.

चटईवर साकेत झोपला होता.

पाठीवर, तोंड उघडं, हेडफोन अजून गळ्यात. शेजारी लॅपटॉपची बॅग. हात सैल, बोटं सैल, घोटेसुद्धा सैल. विमलाबाईंनी दहा महिने शिकवूनही अख्ख्या वर्गात कोणाला जमलं नसेल असं शवासन.

सुधीरराव तसेच वाकून उभे राहिले. मागून विमलाबाई आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच असावं, त्या हळू बोलल्या.

"आजच आला. शेवटच्या रांगेत होता, तुम्हाला गर्दीत दिसला नसेल. म्हणाला, बाबांचा व्हिडिओ मीच काढलाय, म्हटलं आपणही करून बघू. शवासनात गेला तो उठेचना. माणसं त्याच्यावरून उड्या मारायला लागली, तेव्हा नाव विचारलं. फणसळकर म्हणाला. मग मी म्हटलं, तिकडे एक जागा ठेवलेली आहे. उठवू? जागा तुमची आहे."

सुधीररावांना झोप अनावर झाली होती. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं, आणि चटई चार फुटांवर होती. साकेतच्या कपाळाला, लहानपणी तापात यायची तशी, मधोमध एक आठी होती. ती झोपेतही गेली नव्हती.

"राहू द्या," ते म्हणाले. "तुम्ही आकडे मोजा. मोठ्याने."

दुसरी बॅच होईपर्यंत ते दाराशी बाईंच्या खुर्चीवर बसून राहिले. खुर्चीत डुलकी लागेल असं वाटलं होतं. पण येणारा प्रत्येक जण त्यांना नमस्कार करत होता.

आठ वाजायला आले, बालवाडीच्या मुलांचा आवाज जिन्यात आला आणि साकेत कमानीमागून बाहेर आला. गालावर चटईच्या विणीचे वळ.

"बाबा! तू अजून इथेच? अरे, मला झोपच लागली. सॉलिड झोप. मेलेलोच मी."

"दमला असशील."

"दमलो म्हणजे..." साकेत मान चोळत खुर्चीच्या शेजारी जमिनीवरच बसला. "तुला सांगणार नव्हतो. घरी झोपच होत नाही रे. पाचला लॅपटॉप मिटतो, तू उठलास की दिवाणावर पडतो, डोळा लागतो तोच सान्वी उठते. ती आईने आत नेली की परत लागतो. मग सव्वाआठला तुझी पूजा. घंटा."

"घंटा मी हळू वाजवतो," सुधीरराव म्हणाले. "तू झोपलेला असतोस म्हणून."

"तेच ना! हळू वाजवतोस. जोरात वाजवलीस तर चालेल, सवय होईल. हळू वाजली की आता वाजेल, मग वाजेल असं करत मी जागाच. वर्ष झालं." मग तो एकदम ओशाळला. "सोड. तुला वाईट वाटेल म्हणून बोललोच नव्हतो. तुझी पूजा काय बंद करायची आता? आईला कळलं तर ती म्हणेल मुलाची गैरसोय होते, आणि मग सगळाच राडा."

"हं."

"पण ही जागा भारी आहे. बाई म्हणाल्या रोज ये. येऊ ना? तुझं काही..."

"ये की."

"आणि बाबा, खरं सांग. तुला रात्री माझा त्रास होत नाही ना?"

जिन्यातून पोरं वर आली. त्यांच्या मागून त्यांच्या बाई, 'रांगेत, रांगेत' करत. सुधीररावांनी वही पुढे ओढली.

"नाही," ते म्हणाले. "तू हळू बोलतोस."

साकेत समाधानाने हसला आणि बॅग उचलून चपला शोधायला बाहेर गेला. सुधीररावांनी वहीत त्याचं नाव शोधलं. साकेत सुधीर फणसळकर, अनुक्रमांक एकोणसाठ, आल्याची वेळ ५.४५. पुढच्या रकान्यात त्यांनी ८.०५ लिहिलं. स्वतःच्या नावापुढे पावणेसात, आयुष्यातली पहिली खोटी वेळ.

बुधवारी डॉक्टर रसिकाने दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला आणि पुन्हा फुगवला. एकशे अठ्ठावन्न, अठ्ठ्याण्णव. तिने विचारलं, योग सोडलात का. सुधीरराव म्हणाले, एक दिवस खाडा नाही. तिने गोळी लिहून दिली.

रोज सकाळी एक, नाश्त्यानंतर.